आगगाडीच्या खिडकीतले राज्य

मागच्या दिवाळीत आमच्या घरी चकल्या-करंज्यांपेक्षा भूतानच्या छायाचित्रांचीच वर्दळ अधिक होती. आमची नात मैत्रिणींबरोबर आठ दिवस भूतानला जाऊन आली होती आणि फराळाला येईल त्याला ती आधी फोटो आणि मग चहा, अशा क्रमाने पाहुणचार करीत होती. ताक्त्सांगचा मठ कड्याला कसा चिकटला आहे, शब्द्रुंग नावाच्या लामाने सतराव्या शतकात दऱ्याखोऱ्यांतले सरदार कसे एका छत्राखाली आणले, वांग्चुक घराण्याचे राजे १९०७ पासून गादीवर कसे आहेत, शेजारचे सिक्कीमचे राज्य १९७५ साली भारतात कसे विलीन झाले, सारे काही तिला तोंडपाठ होते. शेवटी फोटो संपले, चहा निवला आणि ती उसासा टाकून म्हणाली, "आजोबा, डोंगर काय, आपल्याकडेही आहेत. पण असं छोटंसं बौद्ध राज्य काही आपल्याकडे झालं नाही."

"झालं की," मी म्हणालो. "तू महिन्यातून दोनदा त्या राज्यातून जातेस."

"मी? कधी?"

"मुंबईच्या गाडीत बसतेस तेव्हा. तळेगाव सोडलं की लागतं, ते खंडाळ्याच्या बोगद्यापर्यंत."

"तिथे चिक्की मिळते, आजोबा!" ती म्हणाली, आणि सारे घर हसले. मीही हसलो. पण ते हसू घशाखाली उतरेना. पस्तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. पिंपरीच्या बाजूला शाळा. वर्गाच्या खिडकीतून पावसाळा सोडून इतर वेळी मावळचे डोंगर दिसत. आणि त्या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वी काय घडले ते मी दीड पानात उरकीत असे, कारण पाठ्यपुस्तकात ते दीड पानच होते. हसली ती नात. पण नापास झाले होते ते मास्तर.

तेव्हाच ठरवले, की पुढच्या दिवाळीच्या आत तिला हे राज्य दाखवायचे. आणि सोबतीला आणखी एक माणूस न्यायचा. हा माझा एक जुना विद्यार्थी. आता तोही साठी ओलांडून निवृत्त झाला आहे, पण दर गुरुपौर्णिमेला सकाळी आठच्या ठोक्याला त्याचा फोन येतो. मी त्याच्याकडे एक जुने देणे लागत होतो. ते देणे कसले, हे कार्ल्याला पोचल्यावर सांगेन. कारण ते झाले तिथेच.

भाद्रपदाच्या अखेरीस पावसाने जरा उघडीप दिली आणि आम्ही लोणावळा लोकल गाठली. मी, सौभाग्यवती, नात. आणि देहूरोडला आमचा विद्यार्थी चढला, खांद्यावर शबनम, हातात डब्याची पिशवी. "काकू, तुम्हाला खिडकी," असे म्हणून त्याने पहिल्याच मिनिटात आमच्या सौ.चे मत जिंकले.

या लोहमार्गाची मौज अशी, की खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी १८५८ साली धावू लागली आणि मधला बोरघाट फुटायला १८६३ साल उजाडले. पाच वर्षे लोक घाट पायी किंवा पालखीने उतरत. पण इंग्रज इंजिनियरांनी ही वाट शोधून काढली, असे कोणी समजू नये. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून जुन्नर, पैठण, तेरपर्यंत जायचा, तो याच डोंगरांतल्या खिंडींनी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या प्रवासपुस्तकात कल्याणचे नाव आहे. रेल्वे आली ती जुन्या पावलांवर पाऊल टाकीत.

घोरावाडी स्टेशन आले तसा विद्यार्थी डावीकडचा डोंगर दाखवून नातीला म्हणाला, "राज्याची वेस आली बरं का. त्या शेलारवाडीच्या डोंगरात लेणं आहे. ते कोणी दिलं, सांग बघू?"

"राजाने?"

"नाही. नांगर धरणाऱ्या एका कुणब्याच्या बायकोने. धेनुकाकट गावचा उसभणक, त्याची बायको सियगुतणिका. मुलाचं नाव नंद. सगळं कुटुंब शिलालेखात आहे."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. हा लेख मला ठाऊक होता; पण पस्तीस वर्षांत एकाही वर्गाला मी तो सांगितला नव्हता.

वडगाव, कामशेत मागे पडले. दोन्ही बाजूंना इंद्रायणी भात पोटरीला आलेले, बांधावर तेरड्याची गर्दी, डोंगरमाथ्यावर सोनकी पिवळीजर्द. नातीने विचारले, "मावळ म्हणजे जिकडे सूर्य मावळतो ती बाजू ना?" आपण सगळे लहानपणापासून हेच ऐकत आलो. अर्थ गोड आहे, पुण्याहून पाहिले तर खराही वाटतो. पण कार्ल्याच्या शिलालेखात या मुलखाचे नाव 'मामाल आहार' असे कोरलेले आहे. आहार म्हणजे जिल्हा. मामालचे मावळ झाले, असे अभ्यासक सांगतात. शिवछत्रपतींचे मावळे ज्या मावळातले, ते नाव त्यांच्या काळीच दीड हजार वर्षांचे जुने झाले होते. राजधान्या गेल्या, राजे गेले, लिपी गेली. पण नाव शेतकऱ्याच्या जिभेवर टिकून राहिले.

मळवलीला उतरलो. हे स्टेशन म्हणजे या राज्याची पेठच म्हणायची. दक्षिणेला भाजे, उत्तरेला कार्ले, आग्नेयेला डोंगर ओलांडून बेडसे. भाज्याच्या डोक्यावर विसापूर आणि त्याला खेटून लोहगड, जो २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांच्या इतर किल्ल्यांबरोबर गेला. लोहगडाची कीर्ती आता जगभर झाली, याचा आनंद आहेच. पण त्याच्या पायथ्याची लेणी त्याच्याहून कितीतरी आधीची.

भाज्याच्या पायऱ्या चढताना मी तीनदा थांबलो. दर वेळी "काय सुंदर देखावा आहे!" असे म्हणून थांबलो, सौ.ने दर वेळी "गुडघे का?" असे विचारले. वर पोचलो आणि बोलणे आपोआप बंद झाले. घोड्याच्या नालेसारखी ती प्रचंड कमान. आत दोन ओळींत सत्तावीस अष्टकोनी खांब. आणि ते खांब सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. कारण हे कारागीर आदल्या दिवसापर्यंत लाकडात काम करणारे. लाकडी छपराचा भार पेलायला खांब तिरपा रोवावा लागतो, म्हणून दगडातही त्यांनी तो तिरपाच ठेवला. दगडाला टेकूची गरज नाही, हे अजून त्यांच्या हातांना पटले नव्हते. छताला खऱ्या सागवानी कमानी बसवल्या, त्यांतल्या कितीतरी अजून आहेत. हे काम इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले.

"राजा कोण होता तेव्हा?" नातीने विचारले.

खरा प्रश्न तोच होता. भूतानला राजांची यादी आहे, राजधानी आहे, झेंडा आहे. आमच्या या राज्याला यांपैकी काही नाही. आहेत ते शिलालेख, आणि त्यांत एक पदवी पुन्हा पुन्हा येते: महारठी. भाज्याला पाण्याच्या टाक्यावर लेख आहे, की हे टाके महारठी कोसिकीपुत विण्हुदत याचे दान. टाक्याला त्यांचा शब्द 'पोढी'. बेडशाला दुसरे टाके, तेही दान, पण देणारी स्त्री आहे. सामडिनिका तिचे नाव, नवरा आपदेवणक, आणि स्वतःला ती महारठिनी म्हणवते, शिवाय महाभोजाची लेक असेही सांगते. महाभोज हे खाली कोकणातले सरदार. कुड्याच्या लेण्यांत त्यांची नावे आहेत. म्हणजे घाटावरच्या घरात कोकणातली मुलगी दिली होती. घाटाखालचे बंदर एका व्याह्याकडे, घाटमाथा दुसऱ्याकडे. सोयरिकी जुळवताना आपल्याकडे कोण काय पाहते, हे वाचकांना मी सांगायला नको.

आणि नाणेघाटात, सातवाहनांच्या देवकुलात, राणी नागनिकेबरोबर एका महारठीची प्रतिमा होती. तिच्यावरचे नाव अजून वाचता येते. सातवाहनांसारख्या सम्राटांनाही या डोंगरी सरदारांना आपल्या पंक्तीला बसवावे लागे. तेव्हा याला स्वतंत्र राज्य म्हणा, जहागीर म्हणा, मांडलिकी म्हणा. सत्ता होती, घराणे होते, मुलूख होता, आणि त्या मुलखाचे मन बुद्धाच्या मार्गावर होते. 'महारठी'चे पुढे 'मराठा' झाले की नाही यावर विद्वानांचे बरेच वाद झाले आहेत. त्या वादात शिरण्याचे माझे वय राहिले नाही.

पण विण्हुदत हे नाव पाहिलेत का? विण्हु म्हणजे विष्णु. विष्णूचे नाव धारण करणारा सरदार बौद्ध भिक्षूंसाठी टाके खोदतो. शेवटच्या बाजूच्या विहारात रथातून जाणारा देव आणि ऐरावतासारख्या हत्तीवर बसलेला देव कोरले आहेत. बहुतेक जण त्यांना सूर्य आणि इंद्र म्हणतात. शेजारी एक नर्तकी आहे आणि दोन्ही हातांनी जोडवाद्य वाजवणारी व्यक्ती आहे. भिक्षूंच्या निवासाच्या दारात! त्या काळच्या मावळात भिंती दगडाच्या होत्या, मनाच्या नव्हत्या.

चैत्याच्या पुढे थोड्या अंतरावर लहानमोठे चौदा स्तूप दाटीने उभे आहेत, काही कातळाच्या आत, काही बाहेर. येथे राहून गेलेल्या थेरांची ती स्मारके. काहींवर नावे आहेत: अंपिकिणक, धम्मगिरी, संघदिन. सौ. त्या स्तूपांपाशी जरा वेळ थांबली आणि म्हणाली, "म्हणजे ह्या समाध्याच की. आळंदीला जातो तशा." दोन शब्दांत तिने जे सांगितले ते मला दोन तासिकांत सांगता आले नसते.

निघता निघता विद्यार्थ्याने एका खोलीवरचा लेख दाखवला. त्यात फक्त एवढेच, की हे बाधा नावाच्या हालिकजायेचे दान. हालिकजाया म्हणजे नांगऱ्याची बायको. सकाळी गाडीत एक ऐकली होती, ही दुसरी. नात वहीत लिहून घेत होती. तिने मान वर करून विचारले, "आजोबा, ह्या बायकांकडे पैसे कुठून आले?"

भातशेती, घाटाची वाहतूक, आणि बायकांच्या हातात स्वतःचे म्हणून काहीतरी असणे, याखेरीज दुसरे उत्तर मला सुचत नाही. सम्राटाचे दान समजते. नांगऱ्याची बायको कातळात खोली कोरवते, तेव्हा तो धर्म त्या मातीत किती खोल गेला होता ते कळते.

दुपारी रिक्षाने इंद्रायणी ओलांडून कार्ल्याला गेलो. पायथ्याच्या गावाचे नाव वेहेरगाव. वेहेर म्हणजे विहार. लेण्यांचे जुने नाव वलूरक लोक विसरले, पण विहाराचे गाव म्हणून नाव राहिले. मावळात नावे अशी कड्याला चिकटून राहतात.

आमचे कुलदैवत कार्ल्याची एकवीरा. लग्न झाले तेव्हा पाया पडायला आलो, मुलांची जावळे झाली तेव्हा आलो, नातीला घेऊन आलो. कोळी-आगरी बांधव तर चैत्रात पालख्या घेऊन येतात, तेव्हा डोंगर गुलालाने न्हातो. देवीचे देऊळ लेण्याच्या ऐन तोंडाशी आहे. इतक्या वेळा आलो, आणि दर वेळी देवीची ओटी भरून मागे फिरलो. शेजारची कमान पाहिली, पण कधी नीट डोळे भरून नाही.

सौ. खण-नारळ घेऊन देवळात गेली, नात तिच्याबरोबर. आम्ही दोघे तिकीट काढून लेण्याच्या आवारात शिरलो. डाव्या हाताला तो सिंहस्तंभ. माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह. हा दिला महारठी अग्गिमित्रणक याने, गोतीचा पुत्र. जोडीला उजवीकडे दुसरा खांब असावा आणि आजचे देऊळ त्याच्या जागी उभे असावे, असे मानतात.

आत गेलो. सुमारे एकशे चोवीस फूट लांब, पंचेचाळीस फूट रुंद, सेहेचाळीस फूट उंच, सदतीस खांब, माथ्यावर हत्तींवर बसलेली जोडपी, वर दोन हजार वर्षांच्या सागवानी फासळ्या, आणि टोकाला स्तूप, त्याच्यावरची लाकडी छत्रीसुद्धा मूळचीच. वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या शेठजीने हे शैलगृह पुरे केले आणि जंबुद्वीपात हे सर्वांत उत्तम, असे लिहून ठेवले. शेठजीने जाहिरात केली म्हणावे, तर ती अजून खोटी ठरलेली नाही.

आता देणे सांगतो.

सन १९७६. मी सव्वीस वर्षांचा, नोकरीला नवा; आठवीच्या वर्गाची सहल कार्ल्याला आणली होती. लोकल सुरू व्हायच्या होत्या. परतीची पॅसेंजर चुकली तर चाळीस पोरांना घेऊन रात्र मळवलीच्या फलाटावर काढावी लागणार, या धास्तीने मी घायकुतीला आलो होतो. मी खांब मोजून दाखवले, लांबी-रुंदी सांगितली, "चला" म्हणालो. पोरे वळली. एक वळला नाही. देहूरोडहून येणारा एक मुलगा स्तूपासमोर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून बसला होता. पोरे खिदळली. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "ऊठ रे. हे काही देऊळ नाही, पाहायची जागा आहे. गाडी चुकेल."

तो उठला. खाली पाहून म्हणाला, "सर, आजोबांनी सांगितलंय, इथे आलं की वंदन करायचं."

"बरं, बरं, चल," मी म्हणालो. आणि पाच मिनिटांनी याच मास्तरांनी चाळीसच्या चाळीस पोरांना शेजारच्या देवळासमोर चपला काढायला लावून, रांगेत उभे करून, एकवीरा आईला हात जोडायला सांगितले. त्याने तेही निमूटपणे केले. त्या देवळासमोर मला गाडीची घाई आठवली नाही.

या गोष्टीतला विरोध त्या दिवशी माझ्या ध्यानात आला नाही. दहा वर्षे आला नाही. मग एकदा वाचनात आले, की २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती देहूरोडला स्थापन केली; नागपूरची धम्मदीक्षा झाली ती त्यानंतर, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. तेव्हा त्या आजोबांचा चेहरा, जो मी कधी पाहिला नव्हता, डोळ्यांपुढे आला. ज्या डोंगरांत बुद्धाचे नाव हजार वर्षे विसरले गेले होते, त्याच्या वेशीवर ते पुन्हा उच्चारले गेले, तेव्हा तो म्हातारा गर्दीत उभा असणार. त्याने नातवाला वाट सांगितली होती. आणि इतिहासाच्या मास्तरांनी ती अडवली होती.

हे मी त्याला आता, त्याच स्तूपासमोर, सांगितले. अडखळत सांगितले. पन्नास वर्षे उशिरा मागितलेली माफी म्हणजे मुदत संपलेली हुंडी. वटेल की नाही कोण जाणे.

त्याने ऐकून घेतले. उत्तर दिले नाही. "सर, इकडे या," म्हणाला, आणि मला एका खांबापाशी घेऊन गेला. पिशवीतून त्याने छोटी विजेरी काढली आणि उजेड तिरपा धरला. तिरप्या उजेडात अक्षरे उठून आली. "रविवारच्या वर्गाला जाऊन ब्राह्मी शिकलो, निवृत्त झाल्यावर," तो म्हणाला, आणि अक्षरावर बोट न टेकवता, हवेतूनच फिरवीत, वाचू लागला: "धे... नु... का... क... टा... य... व... न... स..."

धेनुकाकटचा यवन! ग्रीक म्हणा, पश्चिमेकडचा व्यापारी म्हणा. नाव सिहधय, आणि खांब त्याच्या दानाचा. पुढे दुसरा खांब, तिथे सोपाऱ्याच्या सतिमित नावाच्या भिक्षूने खांबात पवित्र अवशेष ठेवल्याचा लेख. दारापाशी सिंहदत नावाच्या अत्तरवाल्याचे दान, आणि सामी नावाच्या सुताराने दार घडवल्याची नोंद. अत्तरवाला आणि सुतार एकाच दाराच्या दोन बाजूंना. तो वाचत होता, मी ऐकत होतो. पन्नास वर्षांनी आमच्या जागांची अदलाबदल झाली होती आणि मला ती फार सुखाची वाटत होती.

मग मी बाकीचा इतिहास सांगितला. तेवढा मला येत होता. पश्चिमेकडून शक क्षत्रप आले. नहपानाचा जावई उषवदात याने पावसाळ्यात या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिले. पावसाळ्यातच का? भिक्षू आठ महिने हिंडतात, आषाढापासून वर्षावासाला एका जागी राहतात. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या कोसळत्या धारांत भिक्षा मागायला कोण बाहेर पडणार? मग गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवले. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर नहपानाच्या मुद्रेच्या डोक्यावर सातकर्णीने आपला ठसा मारला आहे. पण मजा पाहा. ज्याची नाणी पुसली, त्याचे दान पुसले नाही! कार्ल्याच्या लेखात मामालच्या अमात्याला नव्या राजाची आज्ञा आहे, की करजक गाव वलूरक लेण्यांतल्या महासांघिक भिक्षूंनाच राहू द्यावे, सरकारी माणसांनी त्यात शिरू नये. नाणे मावळात करंजगाव आजही आहे. ते हेच असावे, असे सुचवले गेले आहे.

आणि पुळुमावीच्या राज्याच्या सातव्या वर्षी, उन्हाळ्याच्या पाचव्या पंधरवड्याच्या पहिल्या दिवशी, ओखळकीय महारठी मितदेवाचा मुलगा महारठी सोमदेव याने याच संघाला आणखी एक गाव करांसकट दिले. लेखात साल सम्राटाचे, पण गाव सोमदेवाचे. एवढे एक वाक्य हीच आमच्या डोंगरी राज्याची सनद.

पुढे काय झाले? युद्धात कोणी हे राज्य बुडवले, असे नाही. समुद्रापलीकडचा व्यापार ओसरला, दाते आटले. पाचव्या-सहाव्या शतकात कोणीतरी येऊन दर्शनी भिंतीवर बुद्धमूर्ती कोरल्या. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला, तेव्हा त्याला शंभरावर संघाराम आणि पाच हजार भिक्षू असल्याचे समजले. त्यानंतर दिवे एकेक करून मालवले. गुराख्यांनी आसरा घेतला, लोक म्हणू लागले की पांडवांनी एका रात्रीत हे कोरले. बेडशाच्या लेण्यात रंगीत चित्रांच्या खुणा उरल्या होत्या; १८६१च्या सुमारास बडे साहेब येणार म्हणून कोणी हौसेने त्यावर चुना फासला. विसरणे म्हणजे दुष्टपणाच असतो असे नाही. पुष्कळदा ती नुसती घाई असते, गाडी चुकेल ही धास्ती असते. मला ते ठाऊक आहे.

एवढ्यात सौ. आणि नात आत आल्या. सौ.च्या हातात देवीच्या प्रसादाचा नारळ आणि ओंजळभर सोनकीची फुले होती, वाटेत वेचलेली. ती स्तूपाकडे पाहत उभी राहिली. मग विद्यार्थ्याला म्हणाली, "तुमच्यात कसं करतात?"

"काही नाही, काकू. तीनदा नमस्कार."

त्याने गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावले. या वेळी मागे कोणी हसले नाही. सौ.ने फुले कठड्याशी ठेवली आणि हात जोडले. नातीने चपला आधीच बाहेर काढल्या होत्या. मी मात्र जरा वेळ तसाच उभा राहिलो. मग गुडघ्यांची विनवणी करीत खाली बसलो. उठायला त्याचाच हात लागला.

परतीच्या लोकलमध्ये नातीने वहीत राज्याची यादी केली. राजधानी: नाही. झेंडा: नाही. राजे: विण्हुदत, अग्गिमित्रणक, मितदेव, सोमदेव. राणी: सामडिनिका. प्रजा: सुतार, अत्तरवाला, यवन, दोन नांगरे आणि त्यांच्या बायका. "भूतानला मला प्रजेतल्या एकाचंही नाव कळलं नव्हतं, आजोबा," ती म्हणाली.

देहूरोड आले. विद्यार्थी उठला, काकूंना नमस्कार केला, दारापाशी गेला आणि वळून म्हणाला, "सर, एक सांगू? त्या दिवशी पॅसेंजर वीस मिनिटं उशिरा आली होती. आपण सगळे फलाटावर शेंगा खात बसलो होतो."

गाडी सुटली. एवढी वर्षे ती वीस मिनिटे त्याच्याजवळ होती आणि त्याने दर गुरुपौर्णिमेला फोन करताना ती एकदाही काढली नव्हती. सौ.ने पिशवीतून कागदाची पुडी काढली. "घ्या," म्हणाली, "मळवलीला शेंगा घेतल्यात."